नर्सिंगची परवाना परीक्षा: पुन्हा पुन्हा नापास होणाऱ्या मुलींशी आपण कसं वागतो?

कोकणात आखाताशी संबंध नाही असं मुस्लिम घर क्वचितच सापडेल. आधीची पिढी जहाजावर गेली, त्यानंतरची दुबई, कुवेत, सौदीत ड्रायव्हर, फोरमन, स्टोअरकीपर म्हणून गेली. आता त्याच घरांतल्या मुली जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून बाहेर जाण्याची तयारी करताना दिसतात. मराठवाडा-खानदेशातही आम्हाला हे चित्र दिसू लागलं आहे. काही मुलगेही या क्षेत्रात आहेत, वॉर्डात त्यांना 'ब्रदर' म्हणतात. ही आनंदाची गोष्ट आहे. पण या वाटेवर एक दरवाजा आहे आणि त्यावर आपल्याकडे कोणी उघडपणे बोलत नाही. तो म्हणजे परवाना परीक्षा.

आपल्याकडे नर्सिंगचा अभ्यासक्रम पास झालं की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते. झालं, मुलगी सिस्टर झाली. नोंदणीसाठी आणखी वेगळी परीक्षा आजवर द्यावी लागलेली नाही. त्यामुळे 'परवाना परीक्षा' हा प्रकार आपल्या मुलींना आयुष्यात पहिल्यांदा भेटतो तो परदेशाच्या उंबरठ्यावर. दुबई, अबुधाबी, सौदी, कतार, ओमान यांची आपापली आरोग्य प्राधिकरणं आहेत, त्यांची संगणकावरची परीक्षा आपल्याकडे 'प्रोमेट्रिक' याच नावाने ओळखली जाते. अमेरिकेची एनक्लेक्स आहे. कॅनडाने २०१५ पासून तीच परीक्षा घेतली आणि ऑस्ट्रेलियाने २०२० पासून भारतातून शिकलेल्या नर्सेससाठी तिचा आपल्या प्रक्रियेत समावेश केला. ब्रिटनमध्ये आधी संगणकावर आणि मग प्रात्यक्षिकाची परीक्षा होते.

आता खरी गोष्ट. या परीक्षांत एकदा, दोनदा, तीनदा नापास होणाऱ्या मुली आपल्या आजूबाजूला आहेत. आम्ही शाळेत शिकवतो, त्यामुळे जुन्या विद्यार्थिनी अधूनमधून भेटतात, काही फोन करतात. पहिल्या वेळी नापास झालेली मुलगी सांगते तरी. दुसऱ्यांदा झालेली सांगत नाही. तिसऱ्यांदा झालेली लग्नसमारंभात दिसायची बंद होते. कारण तिथे कोणीतरी खाला, कोणीतरी मुमानी विचारणारच, "काय गं, तुझं जाण्याचं काय झालं?"

आणि नापास होणं स्वस्त नाही. एनक्लेक्सची फी २०० डॉलर, अमेरिकेबाहेर परीक्षा द्यायची तर वर १५० डॉलर आणि कर. म्हणजे आजच्या भावाने प्रत्येक प्रयत्नाला तीस हजार रुपयांच्या आसपास. कागदपत्रांची पडताळणी, इंग्रजीची परीक्षा, मुंबईला येणं-जाणं हे वेगळंच. छोट्या खाजगी दवाखान्यात काम करणाऱ्या सिस्टरच्या हातात महिन्याला काय पडतं, हे ज्यांच्या घरात सिस्टर आहे त्यांना सांगायला नको. त्यात आयईएलटीएस किंवा ओईटीचा निकाल दोन वर्षं चालतो. दोन-तीन प्रयत्नांत ती मुदत संपली की तो खर्चही पुन्हा. अम्मीच्या बांगड्या मोडून पहिली फी भरलेली असते. दुसऱ्या वेळी काय मोडायचं?

इथे घरात जे वाक्य येतं ते असं: "मेहनत कमी पडली." आमचं म्हणणं आहे, बहुतेक वेळा हे निदान चुकीचं असतं. मेहनत कमी पडलेली नसते, मेहनतीची दिशा चुकलेली असते. आणि दिशा का चुकते हे समजून घ्यायला ही परीक्षा कशी चालते ते पाहावं लागेल.

एनक्लेक्सचंच उदाहरण घेऊ. ही परीक्षा सगळ्यांना सारखी प्रश्नपत्रिका देत नाही. प्रत्येक उत्तरानंतर संगणक उमेदवाराची कुवत नव्याने मोजतो आणि पुढचा प्रश्न असा निवडतो की तो बरोबर येण्याची शक्यता जेमतेम निम्मी असावी. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. किमान ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. उमेदवार पासच्या रेषेच्या वर आहे की खाली याची संगणकाला ९५ टक्के खात्री झाली की परीक्षा तिथेच थांबते. कोणाची ८५ वर, कोणाची १५० वर.

याचा परिणाम बघा. पास होणारीलाही अर्धे प्रश्न अवघडच वाटतात, कारण यंत्राची रचनाच तशी आहे. आपल्या मुलीला शाळेपासून सवय काय? येणारे प्रश्न आधी सोडवायचे, न येणारे शेवटी ठेवायचे, आणि ऐंशी टक्के पेपर सोपा गेला तर पास. इथे चाळिसाव्या प्रश्नापर्यंत तिला वाटू लागतं, 'गेलं, संपलं.' मग उरलेले प्रश्न ती घाबरत घाबरत सोडवते. पेपर अवघड जातोय हा नापास होण्याचा पुरावा नाही, एवढी एक गोष्ट आधी माहीत असती तरी काही मुलींचा निकाल वेगळा लागला असता, असं आम्हाला वाटतं.

दुसरी गोष्ट आशयाची. १ एप्रिल २०२३ पासून एनक्लेक्सचं रूप बदललं. आता एका रुग्णाची पूर्ण हकीकत देतात, त्याचे रिपोर्ट, नोंदी, औषधं, आणि त्यावर सहा प्रश्न विचारतात. अशा किमान तीन हकीकती असतात. यात पाठांतर कामाला येत नाही, निर्णय घ्यावा लागतो. आपल्या बऱ्याच नर्सिंग शाळांत व्याख्या, प्रकार, लक्षणं, 'टीप लिहा' असा अभ्यास होतो. मुलगी तेच पुस्तक तिसऱ्यांदा पाठ करते आणि तिसऱ्यांदा नापास होते. विहीर चुकीच्या जागी खणली तर आणखी खोल खणून पाणी लागत नाही.

वॉर्डातल्या सवयीही आड येतात. समजा प्रश्न आला, रुग्णाला अचानक धाप लागली, सर्वांत आधी काय कराल? आपल्याकडे सिस्टरला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं, डॉक्टरांना कळवा. पण परीक्षेला हवं असतं की नर्सने आधी स्वतः काहीतरी करावं: रुग्णाला उठवून बसवावं, ऑक्सिजन तपासावा, मग डॉक्टरांना फोन करावा. मदतनीसाला कोणतं काम सोपवायचं आणि कोणतं नाही, हाही तिथे मोठा विषय. २०२३ च्या आराखड्यात 'मॅनेजमेंट ऑफ केअर' या भागाला सर्वांत जास्त वजन आहे, १५ ते २१ टक्के. आपल्या वॉर्डात निम्मं काम रुग्णाचे नातेवाईकच करतात. तर मुलीला हा अनुभव यायचा कुठून? औषधांचंही तसंच. आपलं पॅरासिटामॉल तिकडे अ‍ॅसिटामिनोफेन होतं, अ‍ॅड्रेनालिन एपिनेफ्रिन होतं, सालब्युटामॉल अल्ब्युटेरॉल. माहीत असलेली गोष्ट अनोळखी नावाने समोर येते.

आणखी एक प्रकारचा प्रश्न आम्हाला फार विचार करायला लावतो. रुग्ण म्हणतो, "मला उद्याच्या ऑपरेशनची भीती वाटते." नर्सने काय म्हणावं? एक पर्याय असतो, "घाबरू नका, सगळं ठीक होईल." आपल्या मुली डोळे झाकून हा पर्याय निवडतात, कारण आपल्या घरात, आपल्या वॉर्डात दिलासा असाच देतात. परीक्षेत हे उत्तर चूक. खोटा दिलासा दिला की समोरच्याचं बोलणं तिथेच बंद होतं, असं त्यामागचं कारण. बरोबर उत्तर असतं, "कशाची भीती वाटते, मला सांगाल का?"

आता हेच आपल्या घराला लावून पाहा. मुलगी नापास झाली. अब्बा म्हणतात, "जाऊ दे बेटा, अल्लाह बेहतर करेल." नियत चांगली आहे, यात वाद नाही, आणि दुआ तर हवीच. पण त्यानंतर कोणी विचारतं का, की कुठे अडलं? वेळ कमी पडला का? इंग्रजी समजलं नाही का? रात्रपाळी करून पेपरला गेली होतीस का? बहुतेक घरांत नाही विचारत. एक तर दिलासा, नाही तर टोमणा. "चाचूची मुलगी एका दमात पास झाली." या दोन्हीत मुलीचं बोलणं बंद होतं.

बीएड करताना आम्हाला दोन शब्द शिकवले होते: निदानात्मक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन. मूल नापास झालं की आधी कुठे चुकतंय ते शोधा, मग तेवढंच शिकवा. एनक्लेक्समध्ये नापास होणाऱ्याला हे निदान आयतंच मिळतं. परीक्षेनंतर एक अहवाल येतो. त्यात प्रत्येक विभागापुढे लिहिलेलं असतं, पासच्या रेषेच्या वर, रेषेजवळ की रेषेखाली. हा कागद सोन्यासारखा आहे. आणि आमच्या पाहण्यात अशा मुली आहेत ज्यांनी तो नीट उघडलासुद्धा नाही. निकाल वाचला, मोबाईल बंद केला, रडल्या, आणि महिन्याने पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात.

समजा अहवालात औषधांचा आणि 'मॅनेजमेंट ऑफ केअर'चा भाग रेषेखाली आहे, बाकी सगळं रेषेजवळ किंवा वर. मग पुढची मेहनत या दोन भागांवर जास्त व्हायला हवी. सगळं पुस्तक पुन्हा कशाला? ज्या परीक्षांत असा अहवाल मिळत नाही, तिथे मुलीने पेपरच्या संध्याकाळीच, आठवण ताजी असताना, कुठल्या विषयांत अडखळली तेवढं लिहून ठेवावं. प्रश्न लिहायचे नाहीत, त्यावर गुप्ततेचे नियम असतात. फक्त विषय लिहायचे.

शाळेतल्या मुलांकडून आम्ही 'चुकांची वही' करून घेतो, ती इथेही चालेल. सराव प्रश्न चुकला की त्याचं बरोबर उत्तर सगळेच लिहितात. त्याने फार काही होत नाही. आपण चुकीचा पर्याय का निवडला ते लिहावं. माहितीच नव्हती, की प्रश्नातला 'सर्वांत आधी' हा शब्द सुटला, की दोन पर्यायांत अडकून दुसऱ्यावर गेले, की नाव अनोळखी होतं. शंभर प्रश्नांनंतर वही चाळली तर मुलीला स्वतःचा आजार दिसतो. कित्येकींना आढळेल की विषय येतो, वाचन कच्चं आहे. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेली मुलगी इंग्रजी प्रश्न मनात उलथवून समजून घेते, त्यात वेळ जातो. तिचा इलाज रोज अर्धा तास इंग्रजी केस वाचणं हा आहे, नर्सिंगचं आणखी एक गाईड हा नाही. मैत्रिणीबरोबर इशाच्या नमाजनंतर फोनवर दहा प्रश्न सोडवून 'हे का, ते का नाही' अशी चर्चा आपल्या बोलीत केली तर आणखी चांगलं. केरळच्या मुलींना हे बळ आयतं मिळतं, त्यांच्या घरात नाही तर गल्लीत आधी गेलेली कोणीतरी असतेच. आपल्याकडे अजून ती साखळी तयार व्हायची आहे.

पुन्हा कधी बसायचं? एनक्लेक्समध्ये दोन प्रयत्नांत किमान ४५ दिवसांचं अंतर लागतं आणि वर्षात आठ वेळा बसता येतं. पण प्रत्येक राज्याचे नियम निराळे. फ्लोरिडात तीनदा नापास झालं की आधी उपचारात्मक कोर्स करावा लागतो. आखातातली प्राधिकरणंही प्रयत्नांना मर्यादा घालतात आणि हे नियम बदलत असतात. तेव्हा एजंट काय म्हणतो यापेक्षा अर्ज भरण्याच्या दिवशी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर काय लिहिलंय ते वाचावं. रागाच्या भरात ४६ व्या दिवसाची तारीख घेऊ नये. उलट वर्ष-दीड वर्ष नुसतं बसूनही राहू नये. शिक्षण आणि परीक्षा यांच्यात जितका खंड पडतो तितकं पास होणं अवघड होत जातं, हे एनक्लेक्स घेणाऱ्या परिषदेच्या आकडेवारीतूनच पुढे आलेलं आहे. सराव चाचण्यांचे गुण सलग दोन-तीन आठवडे टिकले, मग तारीख घ्यावी. तोपर्यंत ड्यूटी सोडू नये. घरी बसून फक्त अभ्यास करणारी मुलगी वॉर्डही विसरते आणि मनानेही खचते.

आणि अमेरिकेच्या बाबतीत एक गोष्ट घरातल्या मोठ्यांनी ऐकून ठेवावी. एनक्लेक्स पास म्हणजे पुढच्या महिन्यात विमान, असं नाही. भारतात जन्मलेल्या नर्सला ज्या ईबी-३ वर्गातून ग्रीन कार्ड मिळतं, तिथली रांग दहा वर्षांहून जास्त मागे आहे. मग 'या वर्षी पास झालीच पाहिजे, नाहीतर सगळं गेलं' हा दबाव कशासाठी? आम्हाला तर अशी घरं माहीत आहेत जिथे निकाह याच निकालावर अडकवून ठेवला आहे. मुलगी परीक्षा देतेय ती रुग्णसेवेची, आणि तिच्या डोक्यावर ओझं आहे साऱ्या खानदानाच्या इज्जतीचं.

अशा वेळी आडवाट दाखवणारे बरोबर येतात. व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवर 'जुने प्रश्न' विकणारे, 'पास गॅरंटी' देणारे, अनुभवाचा खोटा दाखला बनवून देणारे. जुन्या प्रश्नांची उत्तरं कोणी तपासलेली नसतात, चुकीचं उत्तर पाठ होतं. आखाताच्या नोंदणीत डेटाफ्लोमार्फत दाखला देणाऱ्या संस्थेकडेच थेट विचारणा होते. खोटा कागद तिथे पकडला जातो आणि मग प्रश्न एका परीक्षेचा राहत नाही. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत 'ऑपरेशन नाइटिंगेल' गाजलं. फ्लोरिडातल्या काही संस्थांनी ७,६०० हून जास्त बनावट नर्सिंग डिप्लोमे विकल्याचं उघड झालं, २५ जणांवर आरोप ठेवले गेले. त्या कागदांवर परीक्षा पास होऊन नोकरीला लागलेल्यांचे परवानेही नंतर धोक्यात आले. आपल्या घरात दहा वेळा नापास झालेली मुलगी चालेल, असा कागद नको.

एजंटचंही थोडं. सौदी, कुवेत, यूएई, कतारसारख्या देशांत जाणाऱ्या नर्सेसची भरती २०१५ पासून सरकारी संस्थांमार्फत करण्याचा नियम केंद्राने आणला, तो नर्सेसची लूट होत होती म्हणूनच. इतर कामगारांसाठीही नोंदणीकृत एजंटने तीस हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता कामा नये. जो 'परीक्षा आमच्यावर सोडा' म्हणून लाखांत आकडा सांगतो, त्याला दारातूनच सलाम करावा.

तीन-चार प्रयत्नांनंतरही रेष ओलांडत नसेल तर? आमच्या मते तेव्हा घराने बसून शांतपणे बोलावं, आणि दरवाजा बदलण्याला हार म्हणू नये. सगळ्या देशांचं कुलूप एकाच किल्लीचं नाही. जर्मनीत जर्मन भाषेची बी-२ पातळी हा मोठा अडथळा असतो, पण ज्या मुलीला भाषा जमते तिला तो सोपा जाईल. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सिंगही आहे. देशातच एम्सची नॉरसेट परीक्षा आहे, तिच्यात ८० टक्के जागा महिलांसाठी असतात. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची जागा आहे, पोस्ट बेसिक आणि एमएस्सी करून शिकवण्याचा मार्ग आहे. गावाजवळच्या आरोग्य केंद्रात आपली भाषा बोलणारी, आपल्या बायकांची अडचण समजणारी सिस्टर असणं ही छोटी गोष्ट नाही.

मुलीचं जेवण-झोप सुटली असेल, ती कोणाशी बोलत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं काही म्हणत असेल, तर परीक्षेचा विषय बाजूला ठेवावा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते, तिथे बोलता येतं. ताबीज-झाडफूक करण्याआधी हा फोन करावा.

शेवटी पैशाचा मुद्दा, कारण तो टाळून उपयोग नाही. आपल्या जमाती, ट्रस्ट, वेल्फेअर संस्था दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करतात, प्रवेशासाठी मदत करतात. पण दुसऱ्या प्रयत्नाची फी देणारी योजना आमच्या तरी पाहण्यात नाही. जी मुलगी एकदा पडली तिलाच गरज जास्त, आणि तिच्याचसाठी रकाना नाही. हक्कदार मुलीची ही फी जकातीतून देता येईल का, हे संस्थांनी आपापल्या आलिमांना विचारून घ्यावं. नाही म्हणाले तर सदका आणि देणग्या आहेत. अर्जासोबत दोनच कागद मागावेत: मागच्या प्रयत्नाचा अहवाल, आणि तो पाहून तयार केलेला पुढच्या तीन महिन्यांचा अभ्यासाचा तक्ता. ट्रस्टमध्ये कोणी निवृत्त सिस्टर किंवा मेट्रन असेल तर तो तक्ता तिने मुलीसमोर बसून तपासावा. जूनमध्ये सत्काराचे कार्यक्रम होतात, त्याआधीच्या बैठकीत हा विषय घेता येईल.